‘सध्या काय करतेस?’ याला उत्तर नसेल तर मी कोण?

चौथी_पिढी | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४१. जन्म, शाळा, कॉलेज, लग्न सगळं पुण्यातच. आम्ही मराठी ख्रिस्ती, पणजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आले. म्हणजे येशूच्या घरात मी चौथी पिढी. सोळा वर्षं एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. जानेवारीत एका गुरुवारी अकराला मीटिंग लागली, साडेअकराला लॅपटॉप जमा केला आणि बाराला गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी गळ्यातलं कार्ड मागितलं. हेच काका रोज ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायचे. त्यांनी कार्ड काढून घेतलं आणि निळा पट्टा मला परत दिला. म्हणाले, “हा राहू द्या, याची नोंद नसते.” तो पट्टा आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय, त्याला कात्री अडकवते.

पैशांची ओढाताण आहे, पण नवऱ्याची नोकरी शाबूत आहे. प्रश्न पैशांचा नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू विचारतात, “आज घरी?” मी सांगते, वर्क फ्रॉम होम. चार महिने हेच चाललंय. बँकेत फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबतं.

परवाच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय घेतला. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे अक्षरशः आपला बायोडेटा देतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशाचा, बन्यामीन कुळाचा, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे कर्मठ यहूदी पंथातला. आणि पुढे म्हणतो, ख्रिस्तापुढे हे सगळं मी केरकचरा समजतो. पाळकसाहेब म्हणाले, “तुमची ओळख ख्रिस्तामध्ये आहे, कामात नाही.” सगळे ‘आमेन’ म्हणाले. मीही म्हणाले. घरी येऊन वरणाला फोडणी देताना मनात आलं, आमेन म्हटलं खरं, पण याचा अर्थ काय? सोमवारी सकाळी साडेनऊला, घर रिकामं झाल्यावर, ही ख्रिस्तातली ओळख नेमकी कुठे असते?

तर प्रश्न असा: देवाशी असलेल्या नात्यातून ‘मी कोण’ हे तुम्हाला कधी खरोखर उमगलंय का? प्रवचनातलं नको, स्वतःचं सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

---

पेठेतला_काका | मंगळवार, रात्री १०:५१

रुमाल टाकून ठेवतो. उद्या दुपारी १ ते ४ सोडून कधीही सविस्तर लिहीन.

---

वसईवाली | मंगळवार, रात्री ११:३०

ताई, आधी एक सांगते, पट्ट्याला कात्री हे वाचून पोटात कालवलं.

मी कॅथलिक, वसईची. लग्न होऊन वडगाव शेरीला आले. पुण्यात माझी ओळख म्हणजे “गोव्याच्या का?” “नाही, वसईच्या.” “अगंबाई, मराठी किती छान बोलता!” आमच्या फादर दिब्रिटोंनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, २०२० मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी आम्ही मराठी ‘छान बोलतो’. असो.

मी आयसीयूत नर्स आहे. तिथे आलेल्या माणसाचं घड्याळ, अंगठी, चष्मा, कवळी, सगळं पिशवीत घालून आम्ही नातेवाइकांच्या हातात देतो. मनगटावर राहते ती एक पट्टी, नाव आणि नंबरची. मागे एक आजोबा होते, कुठल्याशा सरकारी खात्यातले निवृत्त चीफ इंजिनिअर. अर्धवट शुद्धीत रात्रभर सांगत होते, “मी चीफ इंजिनिअर आहे, साहेबांना सांगा.” डॉक्टर त्यांना ‘बेड सात’ म्हणत. पहाटे स्पंज करताना मी त्यांना नावाने हाक मारली. नुसतं नाव, वर ‘काका’. ते इतके शांत झाले की मी घाबरून मॉनिटर बघितला.

यशया ४३ मध्ये देव म्हणतो, मी तुला तुझं नाव घेऊन बोलावलंय, तू माझा आहेस. लहानपणापासून ऐकलेलं वचन, अर्थ त्या पहाटे लागला. तेव्हापासून रात्री रोझरी करताना मी सगळ्या बेडवरच्यांची नावं घेते. शेवटी माझंही घेते. ते घेताना जरा लाजल्यासारखं होतं, का ते कळत नाही.

---

तर्कट | बुधवार, सकाळी ७:१५

सहानुभूती आहेच, २०२० मध्ये मीही यातून गेलोय. पण स्पष्ट बोलतो. ‘ओळख ख्रिस्तात’ म्हणजे मालक बदलल्यासारखं वाटतं. काल तुमची किंमत बॉस ठरवत होता, आता देव ठरवणार. दोन्हीकडे शिक्का बाहेरूनच. आपण कोण हे आपलं आपण ठरवावं ना! मी नोकरी गेल्यावर सायकलिंग सुरू केलं, सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन यायचो. आता मी सायकलिस्ट आहे. देवाची गरज पडली नाही.

वसईवाली, तुमचा अनुभव सुंदर आहे, पण त्या आजोबांना तुम्ही हाक मारलीत, देवाने नाही.

---

नगरी_फराळ | बुधवार, सकाळी ७:४०

@तर्कट, आणि गुडघा गेला की?

---

तर्कट | बुधवार, सकाळी ७:४३

गेला की नवा धागा काढीन. :)

---

चौथी_पिढी | बुधवार, सकाळी ९:३५

तर्कट, राग नाही, उलट हेच हवं होतं. पण आपलं आपण ठरवायचं हेच तर मी सोळा वर्षं केलं. टेस्टिंगवाली, सगळ्यांच्या चुका काढणारी, डेडलाइन न चुकवणारी, ही मीच मला दिलेली ओळख. बॉसने फक्त कार्ड काढून घेतलं, बाकीचं मीच उभारलेलं होतं आणि ते कार्डाबरोबर कोसळलं. तेव्हा माझ्या हातच्या बांधकामावर आता माझाच भरवसा नाही.

(हो, वेळ बघा. साडेनऊ.)

---

सेमिनरी_सोडलेला | बुधवार, दुपारी १२:२०

नाव वाचून कळलंच असेल. धर्मगुरू व्हायच्या शिक्षणात पाच वर्षं होतो, मग बाहेर पडलो. आता क्लासेस घेतो.

‘मालक बदलला’ या मुद्द्यावर थोडं. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा आहे. तो पाण्यातून वर येतो आणि आकाशवाणी होते की हा माझा लाडका पुत्र, याच्यावर मी प्रसन्न आहे. आता इथे क्रम बघा. या क्षणापर्यंत येशूने काय केलंय? काहीच नाही. एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, एक शिष्य नाही. तीसेक वर्षांचा नासरेथचा सुतार. अप्रेझलमध्ये लिहायला एक ओळ नाही, आणि बाप प्रसन्न. मालक कामाआधी प्रसन्न होत नाही, बापच होतो. आणि लगेच पुढच्या अध्यायात सैतान काय म्हणतो? ‘तू देवाचा पुत्र असलास तर’ या दगडांच्या भाकरी कर. म्हणजे करून दाखव, मग मानतो. ओळख आधी मिळालीय, सैतान ती कमावायला लावतो. हे मी कॉलेजच्या पोरांच्या शिबिरांत फार रंगवून सांगायचो, पोरं रडायची.

आता खरं सांगतो. ज्या दिवशी झगा उतरवून साध्या शर्टात पुणे स्टेशनवर उभा राहिलो, त्या दिवशी मला स्वतःची ओळख करून देता येईना. ‘ब्रदर’ गेलं होतं. लोक आपोआप उठून जागा द्यायचे, ती गेली होती. मी पाच वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो की तुमची ओळख देवाच्या प्रेमात आहे, आणि माझी झग्यात होती. देवाशी नातं वेगळं आणि देवाच्या खात्यात नोकरी वेगळी. ताई, तुमचा पट्टा निळा, माझा पांढरा.

प्रार्थना दोन वर्षं बंद होती. मग एकदा क्लासमध्ये एका पोराला बेरजेत सातव्यांदा हातचा विसरल्याबद्दल ओरडणार होतो, आणि त्याने इतक्या विश्वासाने वर बघितलं की ओरडताच आलं नाही. त्या रात्री बसलो. बोललो काहीच नाही. पण कोणीतरी समोर आहे आणि मी त्याला काही करून दाखवायचं नाहीये, एवढं कळलं. याहून जास्त माझ्याकडे नाही.

---

दापोडी_लोकल | बुधवार, संध्याकाळी ६:०५

सगळं छान चाललंय, आता थोडं मीठ.

गलतीकरांस पत्र ३:२८. यहूदी नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे ख्रिस्तात एक. आमच्या आजोबांनी या एका ओळीवर बाप्तिस्मा घेतला. गावात ज्या नावाने हाक मारायचे ते इथे लिहिणार नाही. पाळकाने त्यांना नवं नाव दिलं आणि खुर्चीवर बसवलं. आजोबा म्हातारपणीही ती खुर्ची सांगायचे, धर्म नाही सांगायचे. लाकडी होती, एक हात तुटलेला होता.

आता पुढचं. आजोबांचा सख्खा भाऊ १९५६ ला बाबासाहेबांमागून बौद्ध झाला. एकाच आईची दोन पोरं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे चुलतभावाला जो दाखला मिळतो तो मला नाही, कारण कागदावर आमची जात पाण्याने धुऊन निघालीय. आणि आमच्याच मंडळीत लग्नाचं स्थळ बघताना काय विचारतात? “मूळचे कोण?” सरकार म्हणतं तुमची जात गेली, मंडळी म्हणते कुठे गेली, इथेच आहे की.

म्हणून ‘ख्रिस्तात ओळख’ हे वाक्य मंचावरून आलं की मी आधी बघतो बोलणारा कोण. ज्याला आडनाव लपवावं लागत नाही त्याला ‘सगळं केरकचरा’ म्हणणं सोपं असतं. पौलाकडे बायोडेटा होता, म्हणून टाकता आला.

पण रविवारी जातो मी. न चुकता. आजोबांच्या खुर्चीसाठी म्हणा.

---

वारीतली_विठा | बुधवार, संध्याकाळी ६:४०

दापोडीदादा, ती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

---

पेठेतला_काका | बुधवार, रात्री ८:१०

आलो. सविस्तर.

ओळखीवरून निघालंय तर पुण्याचा जगप्रसिद्ध चहा विसरून चालणार नाही. १८९०. गुरुवारातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी बडी मंडळी जमली, लोकमान्य, न्यायमूर्ती रानडे वगैरे. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी पुढचा कप मागे सरकवला. हा सगळा घाट गोपाळराव जोशींचा, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. त्यांनीच नंतर यादी छापून आणली. झालं! ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला), शंकराचार्यांकडे फिर्याद, बहिष्कार, प्रायश्चित्त. कपभर चहाने भल्याभल्यांची ओळख पुसली गेली, तीही दुधाच्या.

मुद्दा काय, तर माणूस कोण हे पुण्यात फार काळ तो कोणाकडे चहा प्यायला यावर ठरत होतं. आता कोणाकडेच कोणी देत नाही, त्यामुळे सगळे समान.

---

घंटानाद | बुधवार, रात्री ९:२५

काका, छान सांगितलंत. त्याच आवारातल्या चर्चचं नाव आहे पवित्र नाम देवालय. नावावरच्या धाग्यात हे यायलाच हवं होतं. आमचं बालपण त्या घंटेच्या मनोऱ्याखाली गेलं.

अवांतर झालंच आहे तर थोडं मुद्द्याचं अवांतर. ताईंचा प्रश्न या शहराला नवा नाही. पंडिता रमाबाईंचं चरित्र बघा. जन्म १८५८. आईवडील दुष्काळात गेले, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं, पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. इथे पुण्याने म्हटलं बाटली. तिकडे मठातल्या सिस्टर म्हणू लागल्या आमच्यासारखी हो. बाई दोघांनाही बधल्या नाहीत. मांस खाल्लं नाही. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांना हरकत घेतली, म्हणाल्या संस्कृत का नको? बिशपांनी बायकांनी काय शिकवावं यावर मत दिलं, तर पत्रातून सुनावलं की एका भटशाहीतून आत्ता कुठे सुटलेय, लगेच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं, आणि त्यांनी ते छापून सांगितलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. तोवर शारदा सदन, त्यांची विधवांसाठीची शाळा, मुंबईत सुरू होऊन पुण्याला आलं होतं, नाव झालं होतं, शिव्याही पोटभर खाऊन झाल्या होत्या. एवढं सगळं असताना बाई म्हणतात, मूळ गोष्ट राहिलीच की. पुढचं केडगाव, मुक्ती मिशन, हिब्रू-ग्रीक शिकून एकटीने केलेलं मराठी बायबल, हे सारं त्यानंतरचं.

ताई, तुम्ही चौथी पिढी. धर्म तुम्हाला पाळण्यातच मिळाला. बाकीचं मी बोलत नाही.

रेव्हरंड टिळकांचंही (कवी ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत) तसंच. १८९५ चा बाप्तिस्मा, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. आणि लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आधी सोवळं स्वतःच्या बुद्धीने सोडलं आणि १९०० मध्ये स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. नवऱ्याचा देव आयता घेतला नाही.

---

संपादक | बुधवार, रात्री ११:०२

तीन प्रतिसाद उडवले आहेत. कोणी कोणाला बाटवलं, परत आणलं, यासाठी वेगळा धागा काढा आणि तिथेच भांडा. इथे धागाकर्तीचा प्रश्न वेगळा आहे.

---

नगरी_फराळ | बुधवार, रात्री ११:०९

संपादक जागे आहेत! हाच धाग्यातला पहिला चमत्कार.

---

एक_पोळी_कमी | गुरुवार, पहाटे ५:२०

हे लिहावं की नाही म्हणून दोन दिवस टंकून खोडतेय. नेहमीच्या आयडीने लिहीत नाही.

सेमिनरीवाले दादा म्हणाले तसं सगळ्यांना ओळख मिळत नाही, काहींची काढूनही घेतात. लूक ९:२३, स्वतःचा नाकार करून रोज आपला वधस्तंभ उचलावा. हे वचन मला नऊ वर्षं सांगितलं गेलं, नवरा मारायचा तेव्हा. प्रार्थनेला येणाऱ्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणायच्या, “हाच तुझा वधस्तंभ. ‘मी’ मरू दे, ख्रिस्ताला तुझ्यात जगू दे.” मी मरू दिला ना ‘मी’. आरशात बघायचं सोडलं. भाजी कुठली आवडते हे माझं मला आठवेना. एकदा भाजीवाल्याने विचारलं, “ताई, तुम्हाला काय देऊ?” आणि मी तिथे हातगाडीपाशी रडले.

सुटले कशी ते लांब आहे. एवढंच सांगते, मला बाहेर काढलं तेही बायबलनेच. हागार. अब्राहामाच्या घरची दासी, सारायने छळली म्हणून पळालेली, रानात झऱ्यापाशी बसलेली, पोटुशी. देवदूत तिला नावाने हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? उत्पत्तीच्या त्या सबंध अध्यायात तिला नावाने हाक मारणारा तो एकटाच. मालक-मालकीण बोलतात तेव्हा ती नुसती ‘दासी’. आणि ही बाई उलट देवाला नाव ठेवते, ‘पाहणारा देव’. मला तेव्हा वाटलं, जो हिला बघतो तो मलाही बघत असणार, आणि मला बघत असेल तर माझ्या पाठीवरचे वळही त्याला दिसत असणार. मग ते त्याने दिलेले कसे असतील?

(देवदूत तिला परत जायलाही सांगतो, ते मला माहीत आहे. त्यावर माझं देवाशी अजून भांडण चालू आहे.)

---

वसईवाली | गुरुवार, सकाळी ६:०२

तुम्हाला कुठली भाजी आवडते आता?

---

एक_पोळी_कमी | गुरुवार, सकाळी ६:१०

गवार. लसणाची फोडणी, गूळ नको. :)

---

पेठेतला_काका | गुरुवार, सकाळी ७:००

गूळ नको म्हणणाऱ्यांना या शहरात राहू देतात हेच आश्चर्य. बाई, दंडवत घ्या.

---

तर्कट | गुरुवार, सकाळी ८:३०

@एक_पोळी_कमी, वाचून गप्प झालो. पण माझा प्रश्न उलट जास्त तीव्र झाला. त्याच पुस्तकाने नऊ वर्षं बांधलं आणि त्याच पुस्तकाने सोडवलं, तर सोडवणारी तुमचीच बुद्धी नव्हे का? श्रेय दुसऱ्याला का?

---

एक_पोळी_कमी | गुरुवार, सकाळी ९:१५

असेल. पण तेव्हा ‘माझी बुद्धी’ म्हणायला ‘मी’ शिल्लक नव्हते. कोणीतरी हाक मारल्यावर जागी झाले. तुम्ही म्हणता तो क्रम मला पटला असता, जर तसा घडला असता.

---

उरलेला_मी | गुरुवार, दुपारी ३:४५

(१ ते ४ मध्ये लिहितोय, काका माफ करा.)

मी दारूडा. सोडून अकरा वर्षं झाली, तरी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये उभं राहून आम्ही असंच म्हणतो, नाव सांगायचं आणि पुढे “मी दारूडा आहे”. लोकांना वाटतं केवढी वाईट ओळख. मला ती जड वाटत नाही. त्यापूर्वी मी ‘कधीतरी घेणारा’, ‘टेन्शनमुळे घेणारा’, ‘उद्या सोडणारा’ होतो. या ओळखींनी घर विकायला लावलं.

मी जन्माने हिंदू, बायको ख्रिस्ती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, बाप्तिस्मा घेतलेला नाही. आमच्या कार्यक्रमात ‘आम्हाला जसा उमगला तसा परमेश्वर’ म्हणतात, त्यामुळे कोणी घाई करत नाही. बायकोच्या बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत एक वाक्य आहे, डुकरांजवळ बसलेला असताना तो ‘शुद्धीवर आला’. शुद्धीवर! प्यायलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते तुम्हाला नाही कळायचं. मग तो भाषण पाठ करत घरी येतो, मला चाकर म्हणून ठेवा. बाप ते पुरं होऊच देत नाही, अंगरखा आणा म्हणतो. माझं अजून भाषण चालू आहे बहुतेक.

---

वारीतली_विठा | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

घंटानाद यांनी तुकोबांचं नाव काढलं म्हणून लिहायचं धाडस करतेय. मी माळकरी, आळंदीहून दरवर्षी चालते. वारीत नाव-गाव कोणी विचारत नाही, सगळे ‘माउली’. मी शाळेत मुख्याध्यापिका होते, पण दिंडीत पाण्याच्या टँकरपाशी मी माउली आणि माझ्यामागची भांडी घासणारीही माउली. वीस दिवस हे फार सुखाचं जातं. घरी आलं की एकविसाव्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगला मी परत ‘मॅडम’ होते आणि मला ते आवडतंही. तेव्हा ताई, तुमच्या सोमवार सकाळचं मला आश्चर्य नाही. आमचाही सोमवार आषाढीनंतरच येतो.

फरक एक जाणवला. आमच्याकडे ‘मी’ विरघळावा ही आस. तुमच्याकडच्या गोष्टींत देव सारखा नाव घेऊन हाका मारतोय. विरघळायचं नाहीये का तुम्हाला?

---

सेमिनरी_सोडलेला | गुरुवार, रात्री १०:००

विठाताई, फार नेमकं बोललात. पौल म्हणतो, यापुढे मी जगतो असं नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो. हे ऐकायला विरघळल्यासारखं वाटतं. पण त्याच दमात पुढे म्हणतो, त्याने माझ्यावर प्रीती केली, माझ्यासाठी स्वतःला दिलं. ‘माझ्यावर’ शिल्लकच आहे. प्रीतीला दोघं लागतात, एवढाच आमचा हट्ट. आणि विरघळण्याचं वचन अर्धं तोडून सांगितलं की काय होतं ते वर पोळीताईंनी लिहिलंच आहे.

---

दापोडी_लोकल | गुरुवार, रात्री १०:१२

+१. वचनं अर्धी तोडायला बंदी हवी. आणि ताई कुठे गायब?

---

चौथी_पिढी | सोमवार, सकाळी ९:३१

इथेच आहे. सगळं वाचलं, काही तीनदा वाचलं. घंटानाद, तुमचं ते शेवटचं ‘बाकीचं मी बोलत नाही’ फार लागलं, थँक्यू.

रविवारी उपासनेनंतर आईकडे घोरपडीला गेले. आमच्याकडे पणजोबांपासूनचं एक बायबल आहे, पाठीला सुतळी बांधलेलं. पहिल्या कोऱ्या पानांवर घरातल्या प्रत्येकाची नोंद: नाव, जन्म, बाप्तिस्मा, आणि शेवटी ‘प्रभूमध्ये झोपली’ किंवा ‘झोपले’ आणि तारीख. टाक, शाईपेन, बॉलपेन असं अक्षर बदलत येतं. मला वाटलं, चला, इथे आपली खरी ओळख असणार. कोणाच्याच पुढे व्यवसाय लिहिलेला नाही हे बघून बरंही वाटलं. पणजोबा काय करायचे हे आईला विचारलं तर म्हणाली मास्तर, मामा म्हणाला छे, शिपाई होते मिशनच्या शाळेत. त्यावर दोघांची अर्धा तास जुंपली.

मग माझी ओळ काढली. आजीच्या हातचं अक्षर. नाव, जन्मतारीख. बाप्तिस्म्यापुढे काहीच नाही! आई म्हणाली, “झालाय गं, लिहायचा राहिला. तुला गोवर आला होता म्हणून पुढे ढकलला, मग पाळक बदलले, मग झाला. आजीचे डोळे गेले होते तोवर.” तारीख कोणालाच आठवत नाही. मी रडेन असं वाटलं होतं. हसत सुटले. आई पण हसायला लागली.

रमाबाईंची आठ वर्षं, माझी एक्केचाळीस. तो रिकामा रकाना बघून मला उलट मोकळं वाटलं, का ते नीट सांगता येत नाहीये. आधीच्या तीन पिढ्यांनी माझ्यासाठी सगळं भरून ठेवलंय असं धरून चालले होते.

तर्कट, तुम्हाला उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. विठाताई, विरघळायची भीती वाटते, सध्या तरी. सोमवारचं म्हणाल तर आज साडेनऊला टेबलापाशी बसले. दर वेळी नोकरी दे म्हणायचे, आज नुसतं म्हटलं, “मी आलेय.” पुढे काही सुचलं नाही, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आणि सकाळी लिफ्टमध्ये काकूंना सांगून टाकलं की नोकरी गेली, जानेवारीतच. त्या म्हणाल्या, “आमच्या पोराची पण, फेब्रुवारीत. कोणाला सांगू नकोस हं.” लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडून उभी राहिली आणि आम्ही दोघी आतच.

हो, एक राहिलं. बाप्तिस्म्याची तारीख हवी म्हणून चर्चच्या ऑफिसला आत्ता फोन केला. रजिस्टर बघायला मिळेल म्हणाले, अर्ज करा आणि सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडा.

---

नगरी_फराळ | सोमवार, सकाळी ९:३८

=))

---

पेठेतला_काका | सोमवार, सकाळी ९:४०

दोन प्रती काढा. आणि ऑफिसची वेळ विचारून घ्या, आमच्याकडची सवय त्यांनाही लागली असेल.

---

एक_पोळी_कमी | सोमवार, सकाळी १०:०५

मी येऊ का सोबत? त्याच बाजूला राहते. चहा माझ्याकडे.